तत्त्वज्ञानातील संशोधन : विद्यापीठ कोणते, मार्गदर्शक कोण?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-पालक सभेत झालेले भाषण)



आपल्या मंडळाच्या शिक्षण-निधीकडे येणारे अर्ज बहुधा वैद्यकीच्या, अभियांत्रिकीच्या किंवा हिशेबतपासनिसाच्या परीक्षेचे असतात. त्यांच्याविषयी कोणाला काही विचारावे लागत नाही. यंदा मात्र तत्त्वज्ञान या विषयात एम.ए. होऊन पुढे पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे अर्ज आले, आणि कार्यकारी मंडळात दोन प्रश्न निघाले. या विषयासाठी निधीतून साहाय्य द्यावे काय, हा पहिला. आणि द्यावयाचे तर विद्यार्थ्याने कोणत्या विद्यापीठात जावे, हा दुसरा. आम्ही आयुष्याची बरीच वर्षे हा विषय शिकविण्यात घालविली, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली. परंतु आमच्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यातच आहे. योग्य ठिकाणी गेलेला विद्यार्थी निधीचा पैसा सार्थकी लावतो. चुकीच्या ठिकाणी अडकलेला विद्यार्थी पैसाही घालवितो आणि तारुण्याची सहा-आठ वर्षेही.

पालकांची पहिली समजूत अशी असते की, विद्यापीठ नावाजलेले असले म्हणजे झाले. पदवीच्या शिक्षणाला ही समजूत एक वेळ चालेल. संशोधनाला ती चालत नाही. शासनाची 'एन.आय.आर.एफ.' ही क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होत आली आहे. तीत विद्यापीठांना क्रमांक मिळतात, वैद्यक, विधी, व्यवस्थापन यांना वेगळे क्रमांक मिळतात, पण तत्त्वज्ञान-विभागाला त्यात स्वतंत्र स्थान नाही. एखादे विद्यापीठ रसायनशास्त्राच्या बळावर वरच्या क्रमांकावर असेल आणि त्याच्या तत्त्वज्ञान-विभागात दोन पूर्णवेळ अध्यापक आणि बाकी तासिका-तत्त्वावरची मंडळी असतील. परदेशातील इंग्रजी भाषेच्या विभागांची 'फिलॉसॉफिकल गुर्मे रिपोर्ट' नावाची एक क्रमवारी आहे. ब्रायन लायटर या अमेरिकन प्राध्यापकाने ती सुरू केली. ती तत्त्वज्ञांचीच मते विचारून केलेली आहे, म्हणून उपयोगी आहे. पण तिचा कल विश्लेषक परंपरेकडे आहे, आणि भारतीय दर्शनांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला तिच्यातून फारसे कळणार नाही.

विभागाची कीर्ती ही माणसामागून जाते, आणि माणूस गेल्यावरही काही काळ त्या वास्तूत रेंगाळत राहते. १९२१ साली राधाकृष्णन कलकत्ता विद्यापीठात गेले, तेव्हा विद्यार्थी त्यांच्यासाठी गेले. गुरुदेव रानडे प्रयागला असताना प्रयागच्या विभागाचे जे तेज होते, ते त्यांचे होते. दयाकृष्ण जयपूरला होते तोवर जयपूरला जाण्यात अर्थ होता. आपल्या पुण्याच्या विभागाला सुरेन्द्र बारलिंगे यांनी रूप दिले. त्या विभागातून १९७३ पासून 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' निघू लागले, आणि मराठी भाषेत या विषयावर गंभीरपणे लिहिता यावे म्हणून 'परामर्श' निघाले. म्हणून एखाद्या विभागाचे नाव कोणी आदराने घेतले, तर प्रथम हे विचारावे की, ते नाव ज्यांच्यामुळे झाले ती माणसे आज तेथे आहेत काय.

या संदर्भात अमळनेरची आठवण ठेवण्यासारखी आहे. १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठजींनी तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभारले. एका गिरणीमालकाने खानदेशातल्या तालुक्याच्या गावी तत्त्वचिंतनासाठी संस्था काढावी, आणि तेथे कृष्णचंद्र भट्टाचार्य, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती, मलकानी अशा लोकांनी येऊन राहावे, हे आजही आश्चर्याचे वाटते. साने गुरुजी प्रथम अमळनेरला आले ते याच मंदिरात अभ्यासासाठी. शाळेतले शिक्षक ते मागाहून झाले. विद्यापीठाचा दर्जा नाही, मोठे शहर नाही, पण चार विचारवंत एका छताखाली आणि रोजची चर्चा, एवढ्या भांडवलावर ते स्थान भारतभर ओळखले गेले. आमच्या दृष्टीने विभागाची परीक्षा हीच आहे : तेथे आठवड्यातून एकदा तरी सर्व मंडळी एकत्र बसून एकमेकांचे लेखन फाडून पाहतात काय?

आता विद्यार्थ्यांकडे वळू. 'मला तत्त्वज्ञानात संशोधन करावयाचे आहे' एवढे वाक्य पुरेसे नाही. 'मला आजारी पडावयाचे नाही' म्हणण्याइतकेच ते मोघम आहे. प्रश्न कोणता, हे ठरल्याशिवाय ठिकाण ठरत नाही. समजा, एखाद्याला धर्मकीर्तीच्या प्रमाणविचाराचा अभ्यास करावयाचा आहे. त्याचे 'प्रमाणवार्तिक' मूळ संस्कृतात आपल्याकडून जवळजवळ हरपलेच होते. राहुल सांकृत्यायन यांनी १९३० नंतरच्या दशकात तिबेटात जाऊन त्याची हस्तलिखिते शोधून आणली. त्याचे बरेच ग्रंथ आणि त्यांवरील टीका तिबेटी अनुवादांत राहिल्या आहेत. म्हणजे या विद्यार्थ्याला संस्कृत तर हवेच, पण तिबेटीही हवी. त्याने पुण्यात तत्त्वज्ञान-विभागाइतकेच संस्कृत व पाली या विभागांकडे पाहावे, सारनाथच्या तिबेटी उच्च शिक्षण संस्थेकडे पाहावे, आणि परदेशी जाणे जमले तर व्हिएन्नाकडे पाहावे. कारण फ्राउवाल्नर आणि त्यांच्यामागून श्टाइनकेल्नर यांनी तेथे या ग्रंथांच्या अभ्यासाची परंपराच निर्माण केली. गंमत अशी की, व्हिएन्नातले हे काम तत्त्वज्ञान-विभागात होत नाही, भारतविद्येच्या विभागात होते. दारावरची पाटी पाहून जाणारा विद्यार्थी तेथून परत येईल.

मीमांसेचा विद्यार्थी असेल तर त्याला वाईच्या प्राज्ञपाठशाळेची वाट माहीत असली पाहिजे. केवलानंद सरस्वतींचा 'मीमांसाकोश' तेथला आहे. नव्यन्यायाचा विद्यार्थी असेल तर त्याने कलकत्ता आणि जादवपूर यांचा विचार करावा. 'अमृतानुभवा'वर काम करणाऱ्याला महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरजच काय? उलट ज्याला भाषेच्या तत्त्वज्ञानात, तर्कशास्त्रात किंवा विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात रस आहे, त्याने जादवपूर, हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ, दिल्ली, मुंबई व कानपूर येथील आय.आय.टी.चे मानव्यविद्या विभाग यांची चौकशी करावी. आय.आय.टी.त तत्त्वज्ञानात पीएच.डी. होते, हे आपल्यातल्या पुष्कळ पालकांना माहीत नसते. कांट किंवा हेगेल मुळातून वाचावयाचा तर जर्मन शिकणे टळत नाही. इंग्रजी भाषांतरांवर उभा केलेला कांटवरचा प्रबंध म्हणजे उसन्या पैशावर बांधलेले घर.

विमल कृष्ण मतिलाल यांचे उदाहरण आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी देत आलो. कलकत्त्यात पंडितांपाशी बसून त्यांनी नव्यन्याय शिकला. मग ते हार्वर्डला डॅनियल इंगल्स यांच्याकडे गेले. इंगल्स संस्कृतचे प्राध्यापक, पण स्वतः नव्यन्यायावर काम केलेले. त्याच विद्यापीठात क्वाइन होते, आणि मतिलालांनी आधुनिक तर्कशास्त्र त्यांच्या परिसरात आत्मसात केले. १९६५ साली प्रबंध झाला. विषय, अभावाविषयीचा नव्यन्यायाचा सिद्धान्त. पुढे १९७६ मध्ये ते ऑक्सफर्डला राधाकृष्णन यांनी भूषविलेल्या आसनावर गेले. त्यांनी हार्वर्ड निवडले ते नावासाठी नव्हे. आपला एकच प्रश्न ज्या दोन भाषांत विचारता येईल, त्या दोन्ही भाषा जाणणारी माणसे तेथे होती म्हणून. अशी जोडी एकाच ठिकाणी नेहमी मिळत नाही. १९८३ साली पुण्यात मे. पुं. रेगे, दयाकृष्ण आदींनी पारंपरिक पंडित आणि आधुनिक प्राध्यापक यांना समोरासमोर बसविले आणि बर्ट्रंड रसेल यांचा विधानविषयक विचार संस्कृतात मांडून त्यावर पंडितांचे म्हणणे घेतले. तो संवाद मुद्दाम घडवून आणावा लागला, यावरूनच दोन्ही बाजू एरवी किती दूर असतात ते दिसते.

मार्गदर्शकाविषयी अधिक बोलले पाहिजे, कारण आमच्या समजुतीप्रमाणे खरी निवड तेथेच होते. आणि येथे आम्हांस ज्ञातीच्या व्यासपीठावरून एक अप्रिय गोष्ट बोलावी लागत आहे. आपल्याकडे पालक विचारतात, 'त्या विद्यापीठात आपल्यापैकी कोण आहे?' या प्रश्नामागची काळजी आम्ही समजतो. परगावी मुलगी एकटी राहणार, अडीअडचणीला कोणी तरी असावे, हे खरे. तेवढ्यापुरती ओळख अवश्य काढावी; राहण्याची सोय, दवाखाना, सणावाराला एक घर, याला ज्ञातिबांधव उपयोगी पडतात. परंतु मार्गदर्शक 'आपला' म्हणून निवडणे हा संशोधनाचा घात आहे.

आपल्याच एका कुटुंबातील कन्येची गोष्ट आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. २०११ साली अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला, तेव्हापासून तिच्या मनात इच्छामरणाचा प्रश्न घर करून होता. एम.ए.ला ती पहिल्या वर्गात आली. घरच्यांनी ओळखीने एका विभागात एक ज्ञातिबांधव प्राध्यापक शोधून काढले. सज्जन गृहस्थ, त्यांचा विषय वेदान्त. त्यांनी नाही म्हटले नाही, भिडेखातर. त्या विभागात नीतिशास्त्रावर काम करणारे कोणी नव्हते, विधिमहाविद्यालयाशी संबंध नव्हता, वैद्यकीय नीतीवरची नियतकालिके ग्रंथालयात येत नव्हती. दोन वर्षांनी प्राध्यापक निवृत्त झाले. नियमाप्रमाणे तिला दुसऱ्या एका अध्यापकाकडे सोपविले, ते सौंदर्यशास्त्राचे. २०१८ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करणारा नवा निकाल दिला आणि तिचे लिहून झालेले एक संपूर्ण प्रकरण मोडून नव्याने मांडणे आवश्यक झाले. तेव्हा ते वाचून 'हे असे नव्हे, असे' म्हणणारा कोणीही तिच्याजवळ नव्हता. प्रबंध अखेर पुरा झाला नाही. ती आज एका शाळेत उत्तम शिकविते. तिच्या बुद्धीविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती आणि नाही. त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या विभागात, ज्याच्याशी आपला सुतराम संबंध नाही अशा माणसाकडे ती गेली असती, तर आज या विषयावर मराठीत एक चांगला ग्रंथ असता.

हे सारे घडले त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम प्रसिद्ध केले, आणि त्यांत ज्याच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरला आहे त्या अध्यापकाने नवा संशोधक घेऊ नये, असे स्पष्ट म्हटले. हे नियम पालकांनीही एकदा वाचावेत. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात. तेव्हा 'जागा नाही' हे उत्तर नेहमी अनादराचे नसते. मुदत किमान तीन वर्षे, कमाल सहा. फेरनोंदणीने आणखी दोन. स्त्री-संशोधकांना त्यावरही दोन वर्षांची सवलत आहे, आणि प्रसूती वा बालसंगोपनासाठी दोनशे चाळीस दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. विवाहामुळे गाव बदलले तर तिला आपले संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची तरतूदही त्यांत केलेली आहे. 'लग्न ठरले, आता पीएच.डी. सोड' असे म्हणणाऱ्या वडीलमंडळींना आता निदान नियमाचा आधार उरलेला नाही. नियतकालिकात निबंध छापून येण्याची सक्ती या नियमांत उरली नाही, हे एका परीने चांगले झाले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या मासिकांचा त्या सक्तीवर मोठा धंदा चालला होता.

मार्गदर्शक निवडताना विद्यार्थ्याने काय करावे? त्यांचे गेल्या पाच-सात वर्षांतले लेखन वाचावे. त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध वाचावेत. हे आता अवघड राहिलेले नाही, कारण गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या 'शोधगंगा' भांडारात देशातील विद्यापीठांचे प्रबंध घरबसल्या फुकट पाहावयास मिळतात, त्यांत मराठीत लिहिलेले तत्त्वज्ञानाचे प्रबंधही आहेत. एकाच मार्गदर्शकाचे तीन प्रबंध उघडावेत आणि त्यांची प्रस्तावना व शेवटचे प्रकरण वाचावे. तिन्ही प्रबंधांत जर 'अमक्याचे जीवन, तमक्याचे ग्रंथ, त्यांचे विचार, त्यांचे महत्त्व' असा एकच साचा दिसला, तर तेथे विचार करावयास शिकवीत नाहीत असे समजून पुढे जावे. मग त्या विभागात प्रत्यक्ष जावे. प्राध्यापकांना भेटावे, पण त्याहून अगत्याने, त्यांच्या अनुपस्थितीत, त्यांच्या विद्यार्थ्यांना भेटावे आणि चहा घेता घेता विचारावे : लिहून दिलेले प्रकरण किती दिवसांनी परत येते? त्यावर लाल शाई असते की नुसती सही? घरची कामे सांगतात काय? मतभेद चालतो काय? या चार प्रश्नांची उत्तरे कोणत्याही माहितीपुस्तकात सापडणार नाहीत.

ग्रंथालयातही एक तास बसावे. आपल्या विषयाची दहा पुस्तके यादीत शोधावीत, आणि मग ती फळीवर आहेत काय तेही पाहावे. यादी आणि फळी यांत अद्वैत असतेच असे नाही. पुण्यात राहणाऱ्याला भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज, आनंदाश्रम ही हाकेच्या अंतरावर आहेत, हे पुण्याचे मोठे भाग्य. विभागात आज काय कमी-जास्त आहे त्याची पुष्कळशी भरपाई गावाने होते.

विभागाबाहेरचा शेजारही पाहावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी. पण तेथे जॉन ड्यूई तत्त्वज्ञान शिकवीत होते, आणि त्यांच्या व्याख्यानांचा ठसा बाबासाहेबांच्या लोकशाहीविषयक विचारावर जन्मभर राहिला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तत्त्वज्ञानाच्या वर्गात जाऊन बसावे, आणि कोणी त्याला उठवू नये, असे ते विद्यापीठ होते. उलट्या दिशेने आपल्या विद्यार्थ्यालाही हे मिळाले पाहिजे : नीतिशास्त्राचा संशोधक असेल तर विधी आणि वैद्यक, सामाजिक तत्त्वज्ञानाचा असेल तर इतिहास आणि समाजशास्त्र, हे वर्ग त्याला खुले आहेत काय?

पैशाविषयी थोडक्यात. 'नेट' परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर घरावर भार पडत नाही. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये करण्यात आली. २०२४ पासून विद्यापीठे याच परीक्षेच्या गुणांवर पीएच.डी.चा प्रवेशही देऊ लागली आहेत. मात्र अधिछात्रवृत्ती न मिळता नुसती प्रवेशाची पात्रता मिळाली तर ते गुण एकच वर्ष चालतात, हे ध्यानात ठेवावे. १९७७ साली स्थापन झालेल्या भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेच्या अधिछात्रवृत्त्या खास याच विषयासाठी आहेत, आणि आपल्याकडून त्यांसाठी अर्ज फार थोडे जातात. राज्य शासनाच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या योजना ज्यांना लागू असतील त्यांनी तिकडे पाहावे. यांपैकी काही हाती नसताना 'आधी नोंदणी करू, पुढे बघू' म्हणून सुरुवात करणे आम्हांस पसंत नाही. शिकवण्या करीत प्रबंध लिहिणारे आम्ही पाहिले आहेत. शिकवण्या चालतात, प्रबंध थांबतो.

परदेशाचे आकर्षण स्वाभाविक आहे. अमेरिकेत चांगले विभाग पाच-सहा वर्षे शुल्कमाफी व निर्वाहवेतन देतात, त्या बदल्यात काही अध्यापन करावे लागते, आणि पहिली दोन वर्षे वर्गातला अभ्यास असतो. अर्जात गुणपत्रिकेहून पंधरा-वीस पानांच्या लिखित निबंधाला मोल असते. आपल्या मुलांचे अर्ज तेथेच पडतात, कारण असा निबंध लिहिण्याचा प्रसंग एम.ए.पर्यंत त्यांच्यावर आलेला नसतो. ब्रिटनमध्ये वेळ कमी लागतो, पण पैशाची सोय दुर्मिळ. ऑक्सफर्डची दोन वर्षांची बी.फिल. ही पदवी गिल्बर्ट राईल यांनी १९४६ मध्ये सुरू केली, आणि नाव पदवीपूर्व वाटले तरी ती पदव्युत्तर व अतिशय कसाची आहे. जर्मनीत प्राध्यापकाला स्वतः पत्र लिहून त्यांचा होकार मिळविणे हे पहिले पाऊल. घर गहाण ठेवून परदेशात तत्त्वज्ञानाची एम.ए. करण्यास पाठवू नये, असे आम्ही पालकांना स्पष्ट सांगतो. निर्वाहवेतनासह बोलावणे आले तर मात्र मुलगा असो वा मुलगी, अडवू नये.

पीएच.डी.नंतर काय, हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. महाविद्यालयांत तत्त्वज्ञानाच्या जागा थोड्या, भरती खोळंबलेली, तासिका-तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे तरुण पुष्कळ. हे सर्व जाणून ज्याला हा मार्ग धरावयाचा आहे, त्याला निधीने मदत करावी; ज्याला नुसते नावामागे 'डॉक्टर' लावावयाचे आहे, त्याला करू नये. या दोघांतला फरक मुलाखतीत ओळखता येतो. त्यासाठी आमची सूचना अशी की, अर्जासोबत विद्यार्थ्याने आपला प्रश्न तीन पानांत, शक्य तर मराठीत, लिहून द्यावा. नियोजित मार्गदर्शकाचे अलीकडचे लेखन कोणते वाचले आणि त्यात कोणते मत पटले नाही, तेही लिहावे. आणि मार्गदर्शकाच्या निवृत्तीचे वर्ष कळवावे. याउलट निधीने एक नवी गोष्ट करावी. प्रवेश घेण्यापूर्वी दोन विभाग प्रत्यक्ष पाहून येण्यासाठी विद्यार्थ्याला, आणि मुलगी असल्यास सोबतच्या एका माणसालाही, रेल्वेचे भाडे व चार दिवसांचा राहण्याचा खर्च द्यावा. सहा वर्षे चुकीच्या जागी घालविण्याच्या मानाने ही रक्कम अगदीच किरकोळ आहे. यंदाच्या अर्जदारांना याचा लाभ मिळावयाचा असेल तर निर्णय लवकर झाला पाहिजे. म्हणून कार्यकारी मंडळाने येत्या बैठकीतच ही सूचना विचारात घ्यावी, अशी विनंती आहे.